कोपरा फाडलेला अंक

सावरखेडा, मार्फत देवगाव फाटा
११ मे १९५८

संपादक, साप्ताहिक ‘पहारा’, परभणी यांस,

खालचा मजकूर येत्या मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर छापावा. एकही शब्द गाळू नये.

ऐकणाऱ्यांनो,

वाचकांनो म्हणत नाही. वाचणारा गावात एखादाच असतो. बाकीचे तुम्ही पाराला टेकून, भिंतीच्या सावलीला, बैलाची वेसण हातात धरून उभे असता आणि दुसऱ्याच्या तोंडून जग ऐकता. हे पत्र तुमच्यासाठी आहे. ज्याच्या हातात हा अंक असेल त्यानं ते मोठ्यानं वाचावं.

तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. आपल्याला सगळं नंतर कळतं. रझाकार पळाले हे माझ्या गावाला त्यांच्या रिकाम्या ठाण्यात कुत्री शिरली तेव्हा कळलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला हे आम्ही फाट्यावरच्या मोटारीची पाटी बदलली तेव्हा ओळखलं. कायदा होतो, आणि तो मोडल्याबद्दल शिपाई दारात उभा राहिला की आपण विचारतो, कधी झाला? पूर्वी हुकूम उर्दूत यायचे, तेव्हा भाषेला दोष देता येत होता. आता हुकूम आपल्या भाषेत निघतात आणि कचेरीच्या फळ्यावर वाळत पडतात. फळा तालुक्याला, माणसं शिवारात.

आता सावरखेड्यात काय झालं ते ऐका. गावाचं एकच गायरान आहे. गावची गुरं त्यावर चरतात, आणि मेंढपाळ रायभानाचं मेंढरांचं सगळं खांडच त्यावर जगतं. त्याच्या आज्यापासून. ते गवतासाठी बाहेर द्यायचं सरकारच्या मनात आलं. ज्यांची हरकत असेल त्यांनी शुक्रवारी, नऊ मे रोजी, तालुक्याच्या कचेरीत पेशीला यावं, असा इश्तिहार निघाला. गावातून एक माणूस गेला नाही. गावाचं नाव पुकारलं, कोणी ‘हजर’ म्हटलं नाही, आणि कोणी हजर नाही म्हणजे कोणाची हरकत नाही असं लिहून गायरान एका गुत्तेदाराला देऊन टाकलं.

दवंडी पिटली, असं कागदावर आहे. आमच्या कानावर नाही. बातमी आमच्यापर्यंत पोचली नाही. ती कोणी अडवली, याचा जाब मी जाहीरपणे मागतो आहे.

दत्तराव

संपादकांसाठी वेगळं: तुमच्याशी बोलायचं नाही असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं, ते अजून ठरलेलंच आहे. हे पत्र गावासाठी लिहिलं आहे.


सावरखेडा
१८ मे १९५८

गुरुपाद,

मायना लिहीत नाही. तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी चार वाक्यं! ‘बातमी पोचली होती. सहा मेचा अंक, दुसरं पान. तुझ्या गावाच्या प्रतीचा कोपरा मी माझ्या हातानं फाडला होता. खरं काय झालं ते लिही, मग छापतो.’

माझी वाक्यं मोजून घेण्याची तुझी सवय गेलेली नाही. सेलूच्या सभेत मी दिवस मावळेपर्यंत बोललो होतो, माणसं उठली नव्हती. तू त्याला दोन ओळी दिल्यास आणि खाली फाट्यावरच्या मोटारींच्या वेळांना अख्खा स्तंभ. तेव्हा मी तुला ‘वेळापत्रकाचा संपादक’ म्हणालो. अजूनही म्हणतो. पण खरं हवं असेल तर घे.

कोपरा फाडायची रीत तूच पाडलीस. टपाल आमच्याकडं आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. ‘पहारा’ मात्र बुधवारी सकाळच्या मोटारीनं फाट्यावर उतरतो. म्हणून लांबच्या सोयऱ्यांना मयताची खबर लोक तुझ्या अंकातून द्यायला लागले, आणि ज्या गावात मयताचे सोयरे असतील त्या गावच्या प्रतीचा कोपरा तू फाडायला लागलास, मयताच्या कार्डाचा फाडतात तसा. म्हणजे गठ्ठा सोडता सोडता चहावाल्या बन्सीधरला कळावं, की ही प्रत भज्याखाली जायची नाही, हिला पळत पोचवायचं. चांगली रीत होती. गेल्या चार-पाच वर्षांत गावानं त्या फाटक्या कोपऱ्यावर कितीतरी वेळा आंघोळी केल्या आहेत.

त्या बुधवारी मी गावात नव्हतो. गंगाखेडला होतो, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला. गोदावरीच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नव्हती. ते असो.

फाट्यावर मुंजाजी होता. त्याच्या बहिणीच्या, दगडाबाईच्या मुलीचं शुक्रवारी लग्न. तो गूळ आणि गॅसबत्त्या न्यायला आला होता. बन्सीधरनं अंक दोन बोटांत धरून त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. दगडाबाईचा चुलत सासरा, जिंतूरचा माणिकराव, शिवरात्रीपासून अंथरुणाला खिळलेला. म्हणजे कोण गेलं हे मुंजाजीला वाचता येत नसूनही कळलं. त्यानं अंक वेशीच्या आत आणला नाही. वेशीबाहेरच्या बाभळीच्या बेचक्यात खोचला आणि मांडवात जाऊन बहिणीला बाजूला घेतलं.

“अक्का, ‘पहारा’ आलाय. कोपरा न्हाई.”

दगडाबाईचे हात हळदीनं भरलेले. ती म्हणाली, “कुणी वाचला?”

“कुणीच न्हाई. वाचणारा गंगाखेडला भाषण करायलाय.”

“मंग देवच पावला. राहू दे तितंच.”

तुला हे कळायचं नाही, गुरुपाद. तुम्ही लिंगायत. ज्याच्या गळ्यात लिंग आहे त्याला कसलं सुतक, असं तूच रझाकारांच्या वेळी सरहद्दीच्या शिबिरात आम्हाला सुनवायचास. आमच्यात लांबच्या मयताचं सुतक माणूस गेला त्या दिवसापासून लागत नाही, खबर कानावर पडली त्या दिवसापासून लागतं. ऐकलं नाही, तर सुतक नाही. भावकीतलं मयत म्हणजे लग्न लांबलं. आणि लांबलेल्या लग्नाला मुलाकडचे परत येतीलच याचा भरवसा कोणाला? म्हणून लग्नघरात असं कार्ड आलं की शहाणी माणसं ते वाचत नाहीत. अक्षता पडू देतात, पोरगी सासरी लावतात, आणि मग रडायला बसतात. तू कोपरा फाडलास तो लवकर वाचावं म्हणून. आम्ही वाचलं नाही ते कोपरा फाडला होता म्हणून.

आणि गावही त्यात सामील झालं. लग्नघर एकाचं, पण पंगत सगळ्यांची. गुरुवारी दिवसभर माणसं त्या बाभळीला वळसा घालून गेली. लेकरांना तिकडं फिरकू दिलं नाही. मांडवात वाचता येणारे दोघे-तिघे होते, लग्न लावणारे भटजीही होते. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कानावर घेतलं नाही.

शुक्रवारी, कचेरीत आमच्या गावाचं नाव पुकारलं जायच्या सुमाराला, वेशीत एक बैलगाडी थांबली आणि तीतून माणिकराव उतरले. काठी टेकत, पण आपल्या पायांनी. बायकांनी किंकाळी फोडली. म्हातारा म्हणाला, “भूत बगितल्यावानी काय बगायलात? पंगत कवा हाय?”

आता तरी अंक काढून वाचावा की नाही? पण मुंजाजीला नवीनच घोर लागला. तो बहिणीच्या कानाशी गेला. “मामंजी तर जेवायला बसले. मंग गेलं कोण?” आणि सगळा मांडव कोण आलं नाही ते बघायला लागला. मानवतची आत्या आली नव्हती. पेडगावचा साडू आला नव्हता. दगडाबाई पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकताना इतकी रडली, की मुलाकडची माणसं म्हणाली, लय मायाळू घर हाय.

मी शनिवारी आलो. घसा बसलेला. वेशीबाहेर सगळं गाव बाभळीखाली जमलेलं, बायका एका अंगाला पदर तोंडाशी धरून तयार. मुंजाजीनं काठीनं अंक खाली पाडला. मी तो उचलला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत गेलो, पुन्हा उलटा वाचत आलो, आणि म्हणालो, “कोणी गेलेलं नाही.”

गुरुपाद, असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मुंजाजीनं पटका उडवला. दगडाबाई मातीत फतकल मारून बसली आणि पोट धरून हसायला लागली. उरलेली बुंदी आणा म्हणून कोणीतरी ओरडलं. मग मी दुसरं पान वर धरलं आणि वाचलं.

मागं रायभान काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्यानं विचारलं, “दत्तराव, मंजे पेशी काल व्हती?”

पुढची माणसं गप झाली. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ती अजून हसत होती.

हे खरं आहे. आता सांग, छापशील? छापलंस तर दगडाबाईला जिल्ह्यात कुठं तोंड दाखवता येईल का? पोरगी नव्या घरात गेली आहे, ‘हिच्या लग्नापायी गायरान बुडालं’ हे ती जन्मभर ऐकत बसेल. म्हणून मी पहिल्या पत्रात ते लिहिलं नाही. दुसरं काही कारण नाही.

आणि कोपरा तू फाडलास. गायरान काय मेलं होतं?

दत्तराव


सावरखेडा
२६ मे १९५८

गुरुपाद,

तू छापलं नाहीस. पहिलंही नाही, दुसरंही नाही. त्याबद्दल आभार मानावेत की भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्या दुसऱ्या कार्डातलं पहिलं वाक्य, ‘कोपऱ्याची चूक माझी’, मी रायभानाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “चांगला माणूस हाय. पन मेंढरं तेवढ्यावर चरत न्हाईत.” दुसरं वाक्य, ‘पुन्हा पेशी मागा, तारीख फळ्यावर लागली की मी छापीन’, यावर आम्ही निघालो. तिसरं वाक्य मी कोणाला वाचून दाखवलं नाही. त्याकडं मग येतो.

तालुक्याच्या कचेरीत रायभान आणि मी गुरुवारी गेलो. पेशकार चष्मा पुसत म्हणाला, दवंडी झाली आहे, कोतवालाचा अंगठा आहे. लग्नाच्या शुक्रवारी सकाळपर्यंत गावात सनई-हलगी चालू होती. त्यात कोतवालानं आपली हलगी कधी वाजवली आणि ती कोणी ऐकली हे त्यालाच माहीत. मी बोलायला लागलो. तुला माझा आवाज माहीत आहे. दरखास्ती लिहिणारे दौती सोडून ओसरीत आले, पक्षकार जमले, कोणीतरी टाळी वाजवली. जनता हजर नाही म्हणून जनतेची हरकत नाही हा न्याय निजामाच्या दरबारात शोभला असता, असं मी म्हणालो. पेशकारानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, “साहेब दौऱ्यावर आहेत. हे त्यांच्यासमोर बोला. आता दरखास्त काय लिहू ते सांगा.”

आणि मला ते दोन ओळींत सांगता येईना. रायभानानं सांगितलं. “लिवा, की आमाला तारीख कळली न्हाई. कळली असती तर आलो असतो. अजून एक डाव बोलवा.” पेशकारानं तेवढंच लिहिलं. अंगठा घेतला. मृगाच्या आधी दुसरी तारीख लागेल म्हणाला, कारण मृगानंतर गवत उगवणार आणि ते गुत्तेदाराचं होणार.

“तारीख कळंल कशी?” रायभान म्हणाला.

“फळ्यावर लागेल.”

“मी मेंढरामागं. फळ्याम्होरं कवा उभं राहू? अन उभं राहिलो तरी मला काय दिसायलंय त्यात?”

“मग पेपरात येईल,” पेशकार म्हणाला. म्हणजे तुझ्या.

गुत्तेदारानं गायरानाच्या कडेनं काटेरी फासांचं कुंपण टाकायला सुरुवात केली आहे. राखणीला बाहेरचा माणूस बसवला आहे. रायभानाचं खांड नाल्याच्या कोरड्या पात्रात बाभळीच्या शेंगांवर आहे. त्या संपत आल्या. तो म्हणतो, मृगापर्यंत थांबतो, मग बालाघाटाच्या डोंगराकडं निघतो, आणि निघालो की इकडं पुन्हा यायचं कारण राहत नाही. त्याची बायको केवळाबाई पालाच्या काठ्या मोजून बाजूला काढायला लागली आहे. मी तिथं गेलो तेव्हा तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, “दत्तराव, तुमच्या भाषणानं मुंबई मिळंल मंत्यात लोक. आमचं गायरान तेवढं त्यात बसतंय का बगा.”

त्याचं उत्तर तुला देतो. मुंबई मिळाली पाहिजे, आणि गायरानही राहिलं पाहिजे, आणि ही एकच लढाई आहे. हे मी शंभर सभांत सिद्ध करून दाखवीन. केवळाबाईला कसं दाखवू, ते मला येत नाही.

आता तुझं तिसरं वाक्य. ‘मी छापीन. वाचणारं कोण?’

मी ते कार्ड खिशात ठेवून जेवायला बसलो. माझ्या थोरल्या भावाची बायको, मनकर्णावहिनी, तुला आठवत असेल. भाऊ गेल्यापासून घर तीच चालवते. भाकरी टाकता टाकता म्हणाली, “भावजी, कार्डात काय वंगाळ हाय? घास तोंडात फिरवायलात.”

मी तुझं वाक्य सांगितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “मी वाचते म्हणाले व्हते की.”

“कधी?”

“लग्नाच्या आदल्या गुरुवारी. बाभळीखाली.”

ती त्या दिवशी मुंजाजीकडं गेली होती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. ती त्याला म्हणाली होती, “मला द्या. मी मनातल्या मनात वाचते, तोंडातनं अक्षर काढायची न्हाई. सुतक लागलं तर मला एकटीला लागंल. मला तसंबी मांडवात कोण हात लावू देतंय?”

मुंजाजी म्हणाला, “वैनी, तुमच्या तोंडावरनं कळंल की.”

“पदर घेते तोंडावर.”

“अन बायाच पेपर वाचाया लागल्या तर दत्तराव काय वाचंल?” यावर माणसं हसली, आणि वहिनी घरी आली.

मी तिला विचारलं, “तुम्ही वाचायला कधी शिकलात?”

“भावजी, तुमी भाषण पाठ करता तवा कागद कुणाच्या हातात असतो?”

तिच्या. गेली दहा वर्षं तिच्याच. मी अंगणात येरझाऱ्या घालत बोलतो, ती चुलीपाशी कागद धरून बसते, आणि मी अडलो की पुढचा शब्द सांगते. कधी कधी म्हणते, हे वाक्य काल याच्या आधी होतं. मी पुढं जातो. मी स्त्रीशिक्षणावरची भाषणंही अशीच पाठ केली आहेत, गुरुपाद. तिच्याकडूनच. तिला वाचता येतं हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण गावात वाचणारं कोण असं कोणी विचारलं, तर मी छातीला हात लावून माझं एकट्याचं नाव सांगितलं असतं.

भाकरी करपली. तिनं ती स्वतःच्या ताटात ठेवली.

दत्तराव


सावरखेडा
२ जून १९५८

प्रिय गुरुपाद,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. दुपारच्या मोटारीच्या कंडक्टरच्या हातात देतो आहे, म्हणजे संध्याकाळी तुझ्या छापखान्यात पोचेल. मल्लम्मावहिनी त्या वेळी अंक दुमडून पत्त्यांच्या पट्ट्यांना खळ लावत बसलेल्या असतील. त्यांना जरा थांबायला सांग आणि हे वाच.

तारीख अजून कळलेली नाही. रायभान दोनदा तालुक्याला जाऊन आला. फळ्यावर जाळी आहे, जाळीत कागद आहेत, कशावर काय लिहिलं आहे ते त्याला कळत नाही. शिपाई म्हणाला, अजून न्हाई. खरं की खोटं, कोणाकडून पडताळून घेणार? मृग या आठवड्याच्या शेवटी लागतो. म्हणजे पेशी याच आठवड्यात आहे, किंवा नाहीच. तू सायकलवर कचेऱ्यांचे फळे वाचत हिंडतोस, त्याला मी एकदा पोरखेळ म्हणालो होतो. या वेळी तो फळा तू वाचला असशीलच. उद्याच्या अंकात ती तारीख असेल. परवा सकाळी तो अंक फाट्यावर उतरेल.

आणि परवा मी गावात नाही. उद्या पहाटे मी नांदेडला निघतो आहे. तू म्हणशील, अजूनही? हो, अजूनही. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, आणि तो दिल्लीतून कोणी पाठवून देणार नाही, गावोगाव बोलूनच मिळवावा लागेल. हे मत मी गायरानापायी बदललेलं नाही. पण सभेला गेलेल्या माणसाच्या नावानं गावाची बातमी फाट्यावर पडून राहावी, हे मला आता सहन होत नाही.

म्हणून काल मी पारावर उभा राहिलो आणि सांगितलं, की यापुढं ‘पहारा’ मनकर्णावहिनी वाचतील. मी घरी असलो तरी त्याच वाचतील.

मुंजाजी उठला. “पारावर बाई? सासरे-भाये बसलेले असत्यात. तोंड वर करून वाचंल का ती?”

“तोंड खाली करूनच वाचतात, मुंजाजी. अक्षरं खालीच असतात,” मी म्हणालो. लोक हसले. पण हसले म्हणजे मानले असं नाही, एवढं इतक्या सभांनंतर मला कळतं. म्हातारी माणसं मान हलवत होती. एकजण म्हणाला, आज पेपर वाचंल, उद्या पंचायतीत बसंल. मी त्याला म्हणालो, बसेलच. त्यानं गोष्ट आणखी बिघडली. मी चांगला बोललो की गोष्टी कधी कधी बिघडतात, हे तू मला पूर्वी सांगितलं होतंस.

वाट दगडाबाईनं काढली. ती पाराजवळ कधी येत नाही. काल आली, लांबच उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “माझ्या पोरीच्या अक्षता पडाव्या म्हणून तुमी समदे गप बसला. माझ्यावर उपकार केले. अन त्या उपकाराची भाकर रायभानाच्या ताटातनं गेली. मुंज्या, तुला बाई पारावर नगं ना? मंग ती बाभळीखाली वाचंल, जितं तू पेपर खोचला व्हता तितं. मी म्होरं बसंन. ज्याला सुतक लागायचं भ्या वाटंल त्यानं कानात बोळे घालून घरी बसावं. गावाचे कान झाकू नये.”

केवळाबाई म्हणाली, तीही येणार. रायभान खांड घेऊन नाल्यातून बाभळीपर्यंत येईल. तारीख ऐकली की तिथूनच तालुक्याची वाट धरेल, जे येतील त्यांना बरोबर घेऊन. कोण येतील ते मी सांगू शकत नाही. पण सभा मोडल्यावर मुंजाजीनं वहिनीला विचारलं, “परवा किती वाजता?” ती म्हणाली, “मोटार आली की.” घरी आल्यावर ती मला म्हणाली, “भावजी, मोठ्यानं वाचायची मला सवय न्हाई. आजवर तुमालाच हळू सांगत आले.” आज सकाळपासून ती गोठ्यात जुना अंक घेऊन म्हशीला वाचून दाखवते आहे. आवाज अजून कापतो.

एकच अडचण उरली आहे, आणि ती तुझ्या हातात आहे. बन्सीधर तो अंक तिला देणार नाही. त्याला पट्टीवरचं नाव तेवढं वाचता येतं, आणि पट्टीवर माझं नाव आहे. माझं नाव असलेला अंक, मी नसलो की, तो डब्याखाली ठेवून देतो, किंवा घाईचा असला तर पहिल्या येईल त्या पुरुषाच्या हातात देतो. तो पुरुष पुन्हा एखादी बाभूळ शोधेल. ज्याचं नाव त्यालाच अंक, हा बन्सीधरचा नेम आहे, आणि तो मोडावा असं मला वाटत नाही. मला नाव बदलायचं आहे.

म्हणून एवढं एकच काम आज रात्री कर. मल्लम्मावहिनींच्या हातातली सावरखेड्याची पट्टी घे. तीवरचं माझं नाव खोड. तिथं लिही: मनकर्णाबाई, मु. सावरखेडा, मार्फत देवगाव फाटा. नावाआधी विधवेचं ते गंगा-भागीरथी लावू नकोस, खाली कोणाची भावजय ते लिहू नकोस. बातमीत मयत असो, गायरान असो, की मोटारीची वेळ, चारी कोपरे शाबूत ठेव. आणि परवा सकाळच्या मोटारीत टाक.

तुझा
दत्तराव